पस्तीस क्विंटल

गावच्या ग्रुपवर मेसेज आला: जगात गहू सरासरी पस्तीस क्विंटल होतो, आपल्यासारखे देश अजून मागेच. रूपरावला कसाबसा पंधरा व्हायचा. सिंदी रेल्वे गावाच्या शिवारात त्याच्या गव्हाचं नाव होतं, पण त्या दिवसापासून माणसाचं चित्तच उडालं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरून येरझारा घालायचा, ओंब्या चोळून दाणे मोजायचा, भरल्या ताटावरून उठायचा. बियाणं बायकोनं राखलेलं, म्हणून देवकाबाईशी चार दिवस धड बोललाही नाही.

रविवारी लेक सुरभी वर्ध्याहून आली. मेसेज वाचून तिला हसूच फुटलं.

"बाबा, खाली बारीक अक्षरात 'हेक्टरी' लिहून हाय. म्हणजे अडीच एकरात पस्तीस! तुमचे पंधरा तर एका एकरातले. तुमी जगाच्या पुढं हाय!"

"आता सांगा, कोनाचं बियानं?" देवकाबाई चुलीपासूनच बोलली.

रूपराव ओशाळून हसला. ताट पुढ्यात ओढलं, चार दिवसांची भूक काढावी तसे दोन घास खाल्ले. तिसरा मात्र हातातच थांबला.

"काऊन जी, आता काय झालं?" देवकाबाईनं विचारलं.

तो दाराबाहेर, शेताकडं बघत म्हणाला,



"आपुन जगाच्या पुढं, तरी आपलं भागत नाई. मंग त्या जगाचं कसं भागत असन वं?"