चौथा पाईप

मुटिंटानं बंद हापशाला कान लावला आणि ओठावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

चहाचे कप हातातच राहिले. मुटिंटाबरोबर झांबियाहून आलेले चार पाहुणे, त्यांना बोलावणाऱ्या संस्थेची, त्यांचं बोलणं मराठीत सांगणारी प्रिया, वस्तीवरच्या सात-आठ बाया, सगळे जागच्या जागी थांबले. खरं तर इथं नुसतं चहापुरतं टेकायचं होतं. हापसा खोलून दाखवायचा कार्यक्रम पुढं मंठ्याला होता आणि तो दाखवणार होता धम्मपाल. हापसे दुरुस्त करण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती.

"काय करून राह्यल्या ह्या?" त्यानं प्रियाला हळूच विचारलं. "कोरडा हाय म्हणावं तो. दोन वर्षं झाली."

प्रियानं तसं सांगितलं. मुटिंटानं नकाराची मान हलवली. दांडा धरून वीसेक हात मारले. तोंडाला थेंब आला नाही. तिनं परत कान लावला आणि धम्मपालला जवळ बोलावलं.

तो गुडघ्यावर बसला. तापल्या लोखंडाला कान टेकवला. खूप खाली, भिंतीवरून पाणी निथळावं तसा आवाज येत होता.

त्यानं दुसरा कान लावून बघितला. तोच आवाज.

"त्या म्हणतात, दांडा जड लागतोय," प्रिया सांगू लागली. "बोअर आटला असता तर हलका लागला असता. पाणी वर चढतंय, पण मधेच पाईपला भोक आहे. तिथून ते परत खाली पडतंय."

ही पारख धम्मपालला ठाऊक नव्हती असं नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो इथं येऊन गेला होता. ऊन मी म्हणत होतं आणि त्या दिवशी नऊ हापसे बघायचे होते. त्यानं चार हात मारले, पाणी आलं नाही, कागदावर लिहून टाकलं: बोअर आटला. तेव्हापासून ह्या बाया दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या.

मुटिंटानं गाडीकडं बोट केलं. दाखवण्यासाठी आणलेला नवा पाईप आणि पाने गाडीतच होते.

"पाईप ओढायला साखळी लागंल," धम्मपाल म्हणाला. "ती मंठ्याला हाय."

मुटिंटा हसली. मग हसू आवरून बोलायला लागली, आणि प्रिया वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेली.

"आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने रस्ता नसतो. एकदा पूल वाहून गेला. एका पाईपसाठी आम्ही अकरा महिने थांबलो. नदीचं पाणी पिऊन तीन लेकरं गेली. एक माझ्या बहिणीचं होतं. त्यानंतर आम्ही वाट बघणं सोडलं. सात गावांतल्या बाया काम शिकल्या. पीक निघालं की घरटी एक डबा मका जमा होतो, त्यातून सामान आधीच घेऊन ठेवतो. साखळी आमच्याकडं अजूनही नाही."

सगुणाबाई ही वस्तीवरची सगळ्यांत वयस्कर बाई. तिनं पदर खोचला.

"तिला म्हणावं, आम्ही हाव की. कुठं धरायचं तेवढं दाखव."

हापशाचं डोकं खोलून काढल्यावर मुटिंटानं दाखवलं. एका पान्यानं पाईप बोअरच्या तोंडाशी अडवायचा, दुसऱ्यानं सगळ्यांनी मिळून उचलायचं. ती आपल्या भाषेत आकडे मोजायची आणि तिसऱ्या आकड्याला सगळ्या जोर करायच्या. दुसरा पाईप वर येईस्तोवर बायासुद्धा तिच्याच भाषेत मोजायला लागल्या. धम्मपाल खाली पाना धरून बसला होता. ही बाई कुणावर ओरडत नव्हती. कुणाचा हात निसटतोय हे तिला आधी कळायचं, आणि ती नेमकी तिथं जाऊन उभी राहायची. इतक्या वर्षांत त्यानं ह्या कामात कुणा बाईला पान्याला हात लावू दिला नव्हता, हे त्याला आज पहिल्यांदाच जाणवलं.

चौथा पाईप गंजून उभा फाटला होता. मुटिंटाचं बोट त्यात आरपार गेलं.

तिनं कमरेच्या छापील कापडाच्या टोकानं नव्या पाईपाचे आटे पुसले. बाया, पाहुणे सगळ्यांनी मिळून परत जोडणी केली. दांडा सगुणाबाईच्या हातात दिला. पंधरा हात झाले. सोळाव्याला लाल, गंजकं पाणी आलं. मग हळूहळू निवळत गेलं आणि धार लागली.

बाया भांडी आणायला धावल्या. धम्मपालनं त्यांना हाक मारून थांबवलं. टोपी काढून हातात घेतली.

"बायांनो, बोअर आटलाच न्हवता. मी नीट बघितलं न्हाई. चूक माझी हाय."

सगुणाबाईनं ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं.

"दोन वर्षं, भाऊ," ती म्हणाली. तेवढंच.

धम्मपालनं टोपी परत डोक्यावर घातली. मग तो प्रियाजवळ गेला.

"बाईंची उद्याची गाडी कितीला हाय?"

"अकराला, काका."

"मंग सहाला तयार राहा म्हणावं. असे अजून चार हापसे हायेत. कागदावर मीच मारलेत."

प्रियानं सांगितलं. मुटिंटा नट आवळत होती. तिनं वर बघितलं आणि काहीतरी बोलून ग्रीसनं काळी झालेली पाच बोटं धम्मपालसमोर धरली.

"चार हापसे असतील तर सहा म्हणजे उशीर होईल म्हणतात," प्रिया म्हणाली. "पाचला या."