देवाच्या जागेवरचं घर

“अंगठा मागनं. आदी ह्यो कागद वाचा,” फुलाबाई म्हणाली आणि तिनं पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून वाळिंब्यांच्या पेटीवर ठेवला.

बारामतीच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली, वाळिंबे दस्त लिहायला बसत. फुलाबाईचं हक्कसोडपत्र लिहून तयार होतं. कन्हेरीच्या पाटाखालच्या आठ एकर उसातला बापाकडून आलेला वाटा ती सोडत होती. त्याच्या बदल्यात तिचा भाऊ सर्जेराव बारामतीतलं दोन खणांचं घर तिच्या नावावर करून देत होता.

मुलींना बापाच्या जमिनीत वाटा देणारा कायदा नुकताच आला होता. त्या साली कचेरीच्या आवारात अशा कितीतरी बहिणी भावांबरोबर येत. भाऊ लुगडं घेऊन येई, बहीण अंगठा उठवी आणि सगळी एकाच बैलगाडीतून परत जात. फुलाबाईला लुगड्याबरोबर घरही मिळत होतं. नवरा गेल्यापासून ती लेकीला, विजयमालाला, घेऊन भावाच्या वस्तीवर, कडब्याच्या खोपीत राहत होती. तिनं नशीब काढलं, असं भावकीत सगळे म्हणत होते.

“ह्यो कागद तुज्याकडं कसा?” सर्जेरावानं विचारलं.

“आबांच्या ट्रंकेत व्हता. घर माजं व्हनार, मग घराचा कागद मी बघू नगं?”

“भावावर इस्वास न्हाय व्हय?” भावजय ठमाबाई म्हणाली. तिच्या मांडीवर विधवेला चालेल असं बिनकाठाचं लुगडं होतं.

“वैनी, बाजारात टोपली ठेवायला हातभर जागा घेती मी. तिची बी सालाची बोली असती. पावतीवरची तारीक कुनाकडनं तरी वाचून घेतल्याबिगर मी टोपली टेकवत न्हाय. ह्ये तर घर हाय.”

“गवार इकून इकून बाई वकील झाली बगा!” ठमाबाई वाळिंब्यांना म्हणाली.

वाळिंबे हसले. सर्जेराव हसला नाही.

वाळिंब्यांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि वाचायला घेतलं. घर फुलाबाईच्या बापानं बांधलेलं, पण खालची जागा देवस्थानची, भाडेपट्ट्यानं घेतलेली. चतुःसीमा वाचून झाल्या. पूर्वेला बोळ, पश्चिमेला विहीर.

“ते ऱ्हाऊ द्या. मुदत कवा सरती?”

त्यांचं बोट खाली सरकलं. “एकोणीसशे एकोणतीसच्या पाडव्यापासून तीस वर्षं.”

“मंग आता ऱ्हायली किती?”

वाळिंब्यांनी आधी सर्जेरावाकडं पाहिलं. “दोन.”

“आन त्याच्याफुडं?”

“जागा मोकळी करून द्यायची. पत्रे, वासे, दारं काढून न्यायची मुभा आहे.”

“ती लिवायची रीत असती,” सर्जेराव म्हणाला. “देवस्थान वाडवून देतंय की. देवाला काय घर पायजे का?”

फुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. “तुमी सांगा, आप्पा. देत्यात वाडवून?”

“देत असत.” वाळिंब्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “आता तिथं धर्मशाळा बांधायची ठरली आहे. आळीतल्या सगळ्यांना नोटिसा गेल्यात.”

“दादा, तुला आली?”

सर्जेराव वहाणेचा सुटलेला अंगठा चाचपत राहिला.

“बापाचं घर फुकट पदरात घालतोय, आन ही नोटिसा इचारती!” ठमाबाई म्हणाली.

“फुकट कुठं, वैनी? माज्या वाट्याचं रान दिऊन इकत घेती मी.” मग ती वाळिंब्यांकडं वळली. “आप्पा, माजी हक्कसोड बी दोनच वर्सांची लिवा. घर गेलं की माजं रान माघारी.”

वाळिंब्यांनी टाक खाली ठेवला. “तसं लिहिता येत नाही, फुलाबाई. हक्कसोड कायमची असते.”

फुलाबाईनं कागद पिशवीत घातला, पदर खोचला आणि ती उठली.

“जा,” सर्जेराव म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “पर वैशाखात विजयमालाच्या पाठीशी मी उभा ऱ्हानार न्हाय. मामा का आला न्हाय, ते बावड्याच्या मानसांना तू सांग.”

ती उभीच राहिली. बावड्याच्या पाहुण्यांनी सुपारी फोडताना एकच गोष्ट विचारली होती: मुलीला बाप नाही, मामा तरी आहे ना? अंतरपाट धरला की मुलीच्या पाठीमागे मामा लागतो. तिथं आई चालत नाही. विधवा तर नाहीच नाही.

कचेरीचा शिपाई बाहेर येऊन पुढच्या दस्ताचं नाव पुकारून गेला.

फुलाबाई खाली बसली. डावा हात तिनं स्वतःच पुढं केला. वाळिंब्यांनी अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला, थोडा वेळ दाबून धरला. ठसा स्वच्छ उठला.

ठमाबाईनं लगबगीनं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. “हातमागाचं हाय, धा वर्सं हालायचं न्हाय,” ती म्हणाली. सर्जेरावानं सुटकेचा श्वास सोडला. “चल फुले, गाडी जुपतो. जेवायला घरीच जाऊ.”

“तुमी व्हा फुडं. मला बाजारात टोपली हाय.”

“आता रुसतीस कशापायी? मी येतो म्हनलं न्हवं लग्नाला?”

“ये की. पाठीशी उभा ऱ्हा, अक्षदा पडूस्तवर हलू नगंस.” फुलाबाईनं चुंबळ डोक्यावर बसवली. “घराची मुदत दोन वर्सं हाय, दादा. तुजी वैशाखापतुर.”