मागे घेतलेला निबंध

डॉ. मृणालिनी खानोलकरांना आपल्या शोधनिबंधातली चूक सापडली तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते, आणि अकराला प्रत्येक शास्त्रज्ञाचा वर्षाचा अंक, म्हणजे गुणांक, लागणार होता. दगडफुलांवर काम करणारी माणसं जगात मोजून चौदा. पण मृणालिनीबाईंनी दगडफुलातून काढलेल्या औषधाचा आधार दोनशे डॉक्टरांनी आपल्या निबंधांत घेतला होता, म्हणून सगळ्या शास्त्रांना एकाच पट्टीने मोजणाऱ्या यंत्रणेने त्यांना आतापर्यंत एकसष्ट अंक दिला होता. ज्याचा अंक चाळिसाच्या खाली लागे, त्याची प्रयोगशाळा त्याच क्षणी बंद होई.

आणि निबंधात लहान मुलांसाठीची मात्रा दुप्पट छापली गेली होती.

"मॅडम, पंधरा मिनिटं थांबा," त्यांचा सहकारी इरफान शिकलगार काकुळतीने म्हणाला. "अंक लागला की लगेच निबंध मागे घेऊ. मग वर्षभर कुणी हात लावणार नाही."

"आणि तेवढ्यात कुणी एखाद्या मुलाला ते दिलं तर?"

त्यांनी निबंध मागे घेतला, आणि तसा इशारा ते औषध वापरणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना गेला. भिंतीवरच्या पडद्यावर दिसणारा त्यांचा अंक एकसष्टावरून सातावर आला. इरफानने डोळे मिटून घेतले.

दोनच मिनिटांत फोन वाजला. यवतमाळहून एक डॉक्टर बोलत होते. "तुमचा इशारा आत्ताच आला. भरलेली सुई हातात होती हो माझ्या!"

मृणालिनीबाईंनी वही पुढे ओढली. त्यांनी विचारलं, "याआधी कुणाला दिलंत?"

डॉक्टरांनी नोंदवही चाळली. "एका मुलीला. सकाळी नऊला. तेव्हापासून ती गुंगीतच आहे."

"लगेच सलाईन लावा. मी सांगते तसं करत जा."

अकराला बिनखिडकीच्या प्रयोगशाळेचे दिवे गेले. बाई अंधारात बोलतच राहिल्या. पावणेबाराला त्या मुलीने पाणी मागितलं, तेव्हा कुठे त्यांनी फोन खाली ठेवला.