पहिल्या भजनाचा मान

वर्षभरात आमच्या पेडण्याकडच्या गावात करमणूक ती काय? एक दशावतार आणि एक शाळेचं गॅदरिंग! म्हणून भजनी सप्ताहाची तयारी आम्ही खूप आधीच सुरू केली. यंदा पहिल्या भजनाचा मान आमच्या घराण्याचा, आणि त्यात मी एकटी, चक्क माइकवर गाणार होते!

सप्ताहाच्या आदल्याच दिवशी थोरले गुणोकाका वास्कोच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाले.

“त्याचं बरंवाईट झालं तर सगळ्या घराण्याला सुतक. मग मान खालच्या वाड्याला,” बाबा म्हणाले. “पण बातमी कानार पडलीच नाय, तर सुतक लागना.”

घरोघरी फिरून त्यांनी सगळ्या भावबंदांना फोन बंद करायला लावले.

“बाबा, काका बरे होतील की!”

“तू सूर सांभाळ गो, बाय.”

दुसऱ्या दिवशी मी असं गायले की खालच्या वाड्यातलेसुद्धा डोलले! देवळाबाहेर येऊन बाबांनी फोन चालू केला, तोच वास्कोहून देवकी आतेचा फोन. ती नुसती रडत होती.

“कधी गेला?” बाबांनी हळूच विचारलं.



“आत्ताच. रक्त हवं होतं रे, सकाळपासून एकेका भावाला फोन लावत होते.”