निळ्या पट्ट्यांची वाट

"पुढे तुम्ही व्हा, आई," ती म्हणाली. "मी चिमणीला घेऊन मागून येते."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे, मग तिच्या छातीशी झोळीत बांधलेल्या बाळाकडे पाहिलं. मान डोलावून त्या पुढे झाल्या.

राखीव जंगलातली ही सगळ्यात सोपी फेरी. झाडांच्या खोडांवर निळे पट्टे मारलेले. पट्टे बघत जायचं, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायचा आणि वळसा घेऊन पुन्हा फाटकाशी यायचं. ही वाट कुणाला हरवू देत नाही, असं फाटकावरचा रखवालदार म्हणाला होता. मागे एकदा कुणाचं तरी कुत्रं एकटंच अख्खी फेरी मारून आलं होतं म्हणे, मालकाच्याही आधी. सासूबाई हसल्या होत्या. तिला हसू आलं नव्हतं. तिला नेमकं हेच बघायचं होतं.

सोमवारी ती ग्रंथालयात पुन्हा रुजू होणार होती. दिवसभर चिमणी सासूबाईंजवळ राहील, असं घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. सगळ्यांनी म्हणजे नवऱ्याने. पण नवरा दिवसभर घरात नसे. ती असे, आणि तिला डोळे होते.

सासूबाई विसरायला लागल्या होत्या. रात्री झोप लागली का, हे त्या एका सकाळी तीनतीनदा विचारत. न्हाणीघराची कडी त्यांनी दुरुस्तीला म्हणून काढली, ती परत लावायची राहूनच गेली. भाजी चिरायची सुरी त्यांच्या कपड्यांच्या कपाटात सापडली, तेव्हा आपलं डोकं ठिकाणावर नाही म्हणून त्यांनीच विषय संपवला. भर दुपारी पाळण्याशी नुसत्या उभ्या असत. काय हवंय विचारलं, तर म्हणत, कशाला आले होते बरं मी?

नवऱ्याला तिने सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, वय झालंय तिचं, सांभाळून घे. आणि ती आली नसती तर आपलं काय झालं असतं, हेही वर ऐकवलं. ते मात्र खरं होतं. बाळंतपणानंतरचे पहिले महिने तिला धड आठवतही नव्हते. अंगात त्राण नव्हतं, एवढंच आठवे. सासूबाई बॅग घेऊन आल्या आणि त्यांनी सगळं घर अंगावर घेतलं. त्यांच्यावर शंका घेताना तिला स्वतःचीच लाज वाटे. पण चिमणीकडे पाहिलं की लाज मागे पडे.

म्हणून ही फेरी. सासूबाईंना वाट काढता आली, तर ठीक. नाही आली, तर आजच नवऱ्याला स्पष्ट सांगायचं, पाळणाघर शोध. जंगलात जाऊ म्हटल्यावर सासूबाई एका पायावर तयार झाल्या होत्या. एरवी तिला गाडी देताना सतरा प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्याने मुकाट्याने किल्ली काढून दिली होती.

सुरुवात बरी झाली. सासूबाई संथ चालत होत्या. दर थोड्या वेळाने थांबून मागे वळून बघत. वाटेची खात्री करत असाव्यात.

पुलाच्या मध्यावर मात्र त्या अचानक थांबल्या.

"अगं, माझी शाल मागे बाकावर राहिली."

शाल त्यांनी गाडीतून काढलीच नव्हती. तिने स्वतः ती मागच्या सीटवर पाहिली होती.

"मी येऊ का?"

"नको, तू थांब इथेच. आलेच मी."

सासूबाई वळणाआड दिसेनाशा झाल्या. पुलाखाली पाणी दगडांवरून खळखळत होतं. चिमणी जागी झाली आणि रडायला लागली. ती कठड्यापासून मागे सरली, पूल उतरून वाटेकडेच्या सपाट दगडावर बसली, बाळाला थोपटत राहिली. सासूबाईंना जाऊन बराच वेळ झाला, तरी पाऊल वाजेना. तिने हाक मारली. पुन्हा मारली. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला आपण जंगलात एकटं सोडलं, तेही परीक्षा बघायला म्हणून, हे एकदम तिच्या ध्यानात आलं. ती उठली आणि बाळाला घट्ट धरून आल्या वाटेने झपाझप निघाली.

सासूबाई फार लांब नव्हत्याच. एका जाड बुंध्याआड, सालीवर हात टेकून उभ्या होत्या. डोळे भरून आले होते.

"इथे काय करताय आई? केव्हाची हाका मारतेय मी."

"वाट चुकले बहुतेक," त्या म्हणाल्या.

निळा पट्टा त्यांच्या डोक्याच्या जरासाच वर होता.

तिने त्यांचा हात धरला आणि उरलेली फेरी तिघींनी तशीच पुरी केली. सासूबाईंनी तिचा हात लहान मुलीसारखा घट्ट पकडून ठेवला होता. जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. आता फक्त नवऱ्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, तेवढंच ती मनाशी जुळवत होती. त्याची आई होती ती. आणि त्यांनी तिचं खूप केलं होतं.

गाडीत मागे बसून ती चिमणीला पाजू लागली. वारा यावा म्हणून काच खाली घेतली. सासूबाई गाडीच्या मागे, पाठमोऱ्या, फोनवर हलक्या आवाजात मुलाशी बोलत होत्या.

"हो रे, झाली फेरी. पुलावर मुद्दाम सोडलं दोघींना, आणि झाडाआडून बघत राहिले. जीव नुसता मुठीत होता माझा." मग जरा वेळ त्या ऐकत राहिल्या. "नाही, पाण्याकडे नाही गेली. पोरीला घट्ट धरून मलाच शोधत आली. डॉक्टरांना कळव, आता ही बाळाजवळ एकटी राहिली तरी चालेल."