तिचा रिपोर्ट

थकवा काही केल्या जाईना, म्हणून ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. रक्त काढायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "एचआयव्हीचीही तपासणी करून घेऊ का? हल्ली मी सगळ्यांनाच विचारतो." दिवसभर शिवणकाम करून बोटांची चाळण झालेली ती बाई हसली. "घ्या की. एका सुईत दोन कामं."

घरी हे कळलं आणि नवऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यानं विचारलंच कसं? आणि तू हो म्हणालीस? आपलं काय तसलं घर आहे?" त्यानंतर तीन दिवस त्याला ना धड जेवण गेलं, ना झोप लागली. आपल्या अब्रूचं त्यानं इतकं मनाला लावून घेतलं, याचं तिला आतून कुठेतरी बरंच वाटत होतं. उगाच हो म्हटलं, असंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आणायला तोच गेला. घरी येऊन तिच्यासमोर पाकीट फोडलं. रक्त कमी असल्याचं पान त्यानं न वाचताच उलटलं. शेवटच्या पानावर मात्र बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मी म्हणत नव्हते? मला कुठून काय असणार?"

"हो ना," तो सुस्कारा टाकत म्हणाला. "म्हणजे मलाही नसणार."