लाल पेन्सिल

कोड तपासायचा तर कागदावरच, हा बाबांचा हेका. म्हणून लेकीने आपला छापून आणला आणि वृद्धाश्रमात त्यांच्या हाती लाल पेन्सिल दिली. कॉम्प्युटर सुरू होताना कुणावर भरवसा ठेवायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मशीनच्या चिपवरच्या फर्मवेअरमधली सर्टिफिकेटं वाचून ठरवतो. तो कोड जन्मभर बाबांनी सांभाळला. आता तो तिच्याकडे होता. पेन्सिल ओळीओळीवरून सरकली आणि बरोबर चुकीवर अडली. “एक सर्टिफिकेट ओळखता आलं नाही, म्हणून अख्खं मशीन अडवायचं? ते सोडायचं, पुढचं वाचायचं!” किती महिन्यांनी बाबा असे डाफरले होते! तिला भरून आलं. “चुकलंच माझं, बाबा.” त्यांनी दचकून वर पाहिलं, तिचा चेहरा निरखला आणि कागद अदबीने परत केले. “मॅडम, एकदा माझ्या मुलीला दाखवून घ्या. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.” तिने पेन्सिल उचलली. “दाखवते, सर.”